रेवा तंग आवळताना मागे का बघते?

पत्र

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी निफाड तालुक्यातला द्राक्षबागायतदार. वय २९, उंची ५ फूट १० इंच, वजन ८४ किलो. गेल्या डिसेंबरात सारंगखेड्याच्या यात्रेतून काठियावाडी घोडी आणली. कुमैत रंग, चार वर्षांची, नाव रेवा. विकणारा म्हणाला, "दीड क्विंटल घेऊन पळंल, काळजी करू नका." दोन महिन्यांपासून रोज सकाळी तासभर रपेट मारतो. कधी बांधावरून, कधी डांबरी रस्त्यानं पाटापर्यंत.

मोबाईलवर वाचलं की घोड्यावर त्याच्या वजनाच्या २० टक्केच भार टाकावा. दुसरीकडे ३० टक्के लिहिलंय. वडील म्हणतात, "शिवाजी महाराजांचे स्वार काय काट्यावर वजन करून घोड्यावर बसत होते का?" त्यांच्या लहानपणी आमच्या घरी घोडं होतं, त्यामुळे त्यांच्यापुढे माझं काही चालत नाही. रेवा तशी गुणी आहे. फक्त हल्ली जिनीचा पोटाखालचा तंग आवळताना मागे वळून दात दाखवते आणि मी रिकिबीत पाय टाकला की दोन पावलं बाजूला सरकते. नखरे असतील, सवय होईल.

आणखी एक. वैशाखात चुलतभावाचं लग्न आहे, नाशिकला आडगाव नाक्याजवळच्या लॉन्सवर. त्याला रेवावरच बसून जायचंय. त्याचं वजन ९७. पुढे करवला म्हणून सहा वर्षांचा भाचा. धाकटी बहीणही बसायचं म्हणते, ती ४९ किलोची. घोडीला नक्की किती वजन झेपतं? खरं काय ते सांगा.

– एक वाचक, निफाड तालुका

उत्तर

भाऊ, पत्र वाचताना मी टक्क्यांपाशी थांबलेच नाही. थांबले ते "फक्त हल्ली" या दोन शब्दांपाशी. हिशोब पुढे करूच, पण तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तुम्ही स्वतःच जाता जाता लिहून टाकलंय आणि त्याला नखरे म्हणून मोकळे झालात.

घोडी डिसेंबरात आली तेव्हा तंग आवळताना दात दाखवत होती का? नसावी. तसं असतं तर यात्रेतच तुम्ही चार वेळा विचार केला असता. म्हणजे हे तुमच्या घरी आल्यावर, त्या दोन महिन्यांच्या रपेटीत सुरू झालं. घोडं बोलत नाही, आणि कुत्र्यासारखं कण्हतही नाही. कळपातल्या ज्या जनावरानं दुखणं चेहऱ्यावर दाखवलं त्यालाच वाघानं आधी उचललं, त्यामुळे दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. ते बोलतं कान मागे पाडून, शेपटी झटकून, पाठ खाली दाबून, तंगाच्या वेळी मागे वळून. आणि स्वार चढायच्या क्षणाला बाजूला सरकून. "आता हा बसणार, आणि दुखणार" हे तिला ठाऊक झालंय.

तेव्हा पहिलं सांगणं: उद्यापासून रपेट बंद. निदान तीन आठवडे. या काळात काय करायचं ते पुढे येईल.

आता हिशोब. त्यासाठी आधी रेवाचं वजन हवं, आणि ते तुमच्या पत्रात नाही. स्वतःचं वजन लिहिलंत, भावाचं लिहिलंत, बहिणीचंही लिहिलंत. जिच्या पाठीवर हे सगळे बसणार तिचंच तेवढं राहिलं. चालायचं, असं पत्र लिहिणारे तुम्ही पहिले नाही.

वजन काढायला शिंप्याची फीत पुरते. घोडी सपाट जागेवर चारही पायांवर सरळ उभी करा. पुढच्या पायांच्या लगेच मागून, जिथून तंग जातो साधारण तिथून, फीत पाठीवरच्या उंचवट्यामागून फिरवून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये घ्या. मग खांद्याच्या पुढच्या हाडापासून ढुंगणाच्या मागच्या टोकापर्यंत लांबी घ्या. घेराला घेरानं गुणा, आलेल्या आकड्याला लांबीनं गुणा आणि ११,८८० नं भागा. किलोत वजन येतं. अगदी तोळामासा नाही, पण बाजारातल्या अंदाजापेक्षा कितीतरी बरं. मध्यम बांध्याच्या काठियावाडी घोडीचा घेर समजा १६० आणि लांबी १४० भरली, तर गणित ३०२ किलोच्या आसपास जातं.

याहून पक्कं हवं असेल तर तुमच्या भागात उपाय दारातच आहे. पिंपळगावला नाहीतर लासलगावला जाताना वाटेत वजनकाटे काय कमी आहेत? जो पिकअप द्राक्षाचे क्रेट नेतो त्यातच रेवाला चढवा, एकदा घोडीसकट वजन करा, उतरवून रिकाम्या गाडीचं करा. वजाबाकी तुम्हाला येतेच. गाडीत चढण्या-उतरण्याची सवयही होईल. काट्यावरचा माणूस दोन मिनिटं हसेल, हसू द्या.

रेवा ३०० किलोची धरून चालू. २० टक्के म्हणजे ६० किलो. आणि हा आकडा एकट्या स्वाराचा नाही, हे पक्कं लक्षात ठेवा, कारण इथेच बहुतेकांचा हिशोब चुकतो. जीन, रिकिबी, खालचं नमदं, तुमचे बूट, खिशातला मोबाईल, सगळं त्या ६० मध्येच बसवायचं. जीन आणि सामान ८ किलोचं धरलं तर माणसाच्या वाट्याला ५२ उरतात. तुम्ही ८४. सामानासकट ९२. म्हणजे गेले दोन महिने रेवा रोज सकाळी स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ ३१ टक्के ओझं घेऊन डांबरावरून दुडकत होती.

आता हे २० आणि ३० आले कुठून. २० टक्क्यांचा दंडक जुना आहे. अमेरिकेच्या घोडदळाच्या १९२० च्या आसपासच्या पुस्तकांतही तो आहे, आणि त्या लोकांना घोड्यांची दया होती म्हणून नव्हे, तर मोहिमेच्या मध्यावर घोडं पाठीतून गेलं की स्वार पायदळात जमा होतो म्हणून. पुढे २००८ साली ओहायोतल्या संशोधकांनी हे मोजून पाहिलं. आठ घोडे घेतले, त्यांच्यावर आलटून पालटून १५, २०, २५ आणि ३० टक्के भार टाकला, दरवेळी ठरावीक व्यायाम करवला आणि नाडी, रक्त, पाठीचे स्नायू तपासले. १५ आणि २० ला घोडे मजेत होते. २५ ला नाडी वर गेली. ३० ला पाठीचे स्नायू आखडले आणि त्याचा ठणका पुढच्या दिवसांतही सापडला. तुमच्या रोजच्या रपेटीचा आकडा याच शेवटच्या ओळीत बसतो. फरक इतकाच की त्या घोड्यांना मध्ये विश्रांती मिळत होती.

त्याच तपासणीत एक गोष्ट निघाली जी आपल्याकडच्या जुन्या जाणत्यांना न सांगता ठाऊक असते: ज्या घोड्यांची कंबर रुंद होती त्यांना ठणका कमी लागला. उंची पाहून घोडं घेणारा फसतो, कंबर आणि पायातलं नळीचं हाड पाहून घेणारा सहसा फसत नाही. काठियावाडी घोडी देखणी, चपळ, कान कमानीसारखे जुळणारे, तापात आणि कमी चाऱ्यात टिकणारी. पण बांधा सडपातळ. तिला धावायला घडवलंय, पोतं वाहायला नाही.

इंग्लंडमध्ये न्यूमार्केटला याहून कडक चित्र दिसलं. सहा घोडे, चार स्वार. चौघं घोड्यावर बसण्यात सारखेच तयार, वजनं मात्र वेगवेगळी. दोन वजनदार स्वारांच्या फेऱ्या घोडे लंगडू लागल्यामुळे मध्येच थांबवाव्या लागल्या. त्यातला एक स्वार तर घोड्याच्या वजनाच्या १५ ते १८ टक्क्यांच्या दरम्यानच होता! म्हणजे २० च्या आत. घोडे नंतर बरे झाले, पण मुद्दा राहतोच. २० टक्के म्हणजे "इथपर्यंत बिनघोर" अशी पाटी नाही. सगळं काही जुळून आलं तर इथपर्यंत, एवढाच तिचा अर्थ. तिथे वजनदार स्वारांना जीनही लहान पडत होती, ते मागच्या काठावर बसत होते, आणि वजन नको तिथे पडत होतं. हा धागा सोडू नका, तुमच्याकडेही तोच घोळ असणार असा माझा दाट संशय आहे.

वडिलांच्या बाजूनंही बोलते, नाहीतर ते म्हणतील बाईनं एकतर्फी निकाल दिला. कॅलिफोर्नियात दरवर्षी १०० मैलांची घोड्यांची एक शर्यत होते, डोंगरातून, एका दिवसात. तिथल्या तीनशेहून जास्त घोड्यांची पाहणी झाली तेव्हा दिसलं की स्वाराच्या वजनावर शर्यत पुरी होणं-न होणं ठरत नव्हतं. घोडं अंगानं भरलेलं होतं की वाळलेलं, यावर ठरत होतं. आईसलँडची घोडी आपल्या तट्टांएवढीच दिसतात आणि धिप्पाड माणसांना घेऊन जातात. म्हणजे वडील म्हणतात ते निराधार नाही. पण त्या शर्यतीतले घोडे वर्षानुवर्षं तयार केलेले, वाटेत ठिकठिकाणी डॉक्टर नाडी बघून पुढे सोडणार. आणि आईसलँडच्या घोड्यांचं रक्त तपासलं तेव्हा सरासरी साधारण २३ टक्क्यांच्या पुढे स्नायू दमल्याची खूण रक्तात वाढू लागते, असंच आढळलं. घोडं जातं हे खरं. काय किंमत देऊन जातं, ते वर बसलेल्याला दिसत नाही.

आणि महाराजांचे स्वार. हा दाखला मला महिन्यातून एकदा तरी कुणीतरी ऐकवतंच, त्यामुळे उत्तर तयार आहे. मराठ्यांची फौज नावाजली ती हलकी म्हणून. तंबू-कनाती, जड चिलखतं, बाजारबुणगे यांचा लबेदा घेऊन ती फिरत नव्हती, म्हणून तर मोगलांच्या हाती लागत नव्हती. तिखट भाकरीवर चार-चार दिवस काढणारा तो गडी आजच्या बासुंदी-पुरीवर पोसलेल्या गड्याच्या वजनाचा होता असं मला वाटत नाही. शिवाय बखरी माणसांच्या लिहिल्या गेल्या, घोड्यांच्या पाठींच्या नाहीत. पण महाराजांचं चिपळूणच्या छावणीतल्या जुमलेदारांना लिहिलेलं एक पत्र आहे, ते वडिलांना जरूर वाचून दाखवा. दाणा-वैरण आत्ताच उधळलीत तर पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, आणि ती तुम्हीच मारली असं होईल, अशा अर्थाची खरमरीत ताकीद त्यात आहे. पागेतल्या घोड्याच्या पोटाची इतकी काळजी करणारा राजा त्याच्या पाठीची करत नसेल?

आपल्याकडे कायदाही आहे. ओझ्याच्या जनावरांसाठी १९६५ चे केंद्राचे नियम आहेत. त्यांत तट्टाच्या पाठीवर जास्तीत जास्त ७० किलो, गाढवाच्या ५०, खेचराच्या २०० आणि उंटाच्या २५० असं लिहिलेलं आहे. (खेचराचे २०० मला स्वतःला जास्त वाटतात, पण ते असो.) तुमच्या रपेटीला कोणी हवालदार आडवा येणार नाही, हे मलाही कळतं. पण दीड क्विंटलची भाषा करणाऱ्या त्या विक्रेत्याला हा आकडा कुणीतरी ऐकवायला हवा होता.

आता पाठ. घोड्याच्या पुढच्या पायांना आपल्यासारखं गळ्याखालचं, खांदा छातीशी जोडणारं हाड नसतं. सगळा पुढचा धड त्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. वर बसलेल्याचं वजन हीच झोळी आणि पाठीचे लांब स्नायू मिळून तोलतात. ते कणखर झाले नसतील तर पाठ खाली झुकते, मणक्यांचे वरचे काटे एकमेकांजवळ येतात, आणि मग सुरू होतं ते तुम्ही नखरे म्हणताय ते. कणखर व्हायला वेळ लागतो आणि वय लागतं. घोड्याच्या पायांची हाडं आधी पक्की होतात, मणके सगळ्यात शेवटी, पाच वर्षांच्याही पुढे. रेवा चार वर्षांची असेल तर तिची पाठ अजून कच्ची आहे.

असेल तर, असं मुद्दाम म्हणतेय. तिचे समोरचे दात बघा. मधली जोडी अडीच वर्षांच्या सुमारास बदलते, तिच्या बाजूची साडेतीनला आणि कोपऱ्यातली साडेचारला. कोपऱ्यात अजून बारके, पांढरे, दुधाचे दात दिसत असतील तर विकणारा वयाबाबत खरं बोलला. मधल्याच जोडीपुढे काही बदललेलं नसेल तर तुमच्याकडे तीन वर्षांचं पोर आहे. मग मला पुन्हा पत्र लिहा, पण जरा घाबरत लिहा.

जिनीबद्दल. तुमच्या उंचीच्या माणसाला साडेसतरा-अठरा इंचांची जीन लागते. रेवासारख्या आखूड पाठीच्या घोडीवर तेवढी जीन ठेवायला जागाच नाही. जीन शेवटच्या बरगडीच्या मागे जाता कामा नये. त्यामागे कंबर, तिला खालून बरगड्यांचा आधार नाही. हातानं चाचपडत शेवटची बरगडी शोधा, ती वर पाठीकडे जिथे जाते तिथे खडूची रेघ मारा आणि मग जीन ठेवून बघा. मला खात्री आहे की जीन रेघ ओलांडून बसलीय, किंवा लहान जीन आहे आणि तुम्ही तिच्या मागच्या काठावर. काहीही असलं तरी वजन कमरेवर. दुसरं, जिनीच्या मधल्या खाचेतून पुढून मागे आरपार उजेड दिसला पाहिजे. कण्यावर काहीच टेकायला नको. वजन बसायचं ते कण्याच्या दोन्ही बाजूंच्या मांसावर.

रपेटीनंतर जीन काढलीत की घामाचा ठसा बघायची सवय लावा. सगळीकडे सारखा ओला असेल तर ठीक. मध्येच एखादा रुपयाएवढा कोरडा ठिपका राहिला तर तिथे इतका दाब पडलाय की घामही सुटला नाही. त्याच जागी काही महिन्यांनी पांढरे केस उगवतात आणि ते जन्मभर जात नाहीत. सारंगखेड्यात पुढच्या वेळी गेलात तर घोड्यांच्या पाठीवर असे पांढरे चट्टे शोधा, यात्रेची सगळी मजा उतरेल.

हे सगळं मी शहाणपणानं सांगतेय, पण शिकले ते लाजेनं. नोकरीत नवी होते, पदवी हातात घेऊन जेमतेम वर्ष झालेलं. मैत्रिणींबरोबर थंड हवेच्या ठिकाणी गेले आणि दिवसभराच्या फेरीला एक तट्टू घेतलं. माझं वजन तेव्हा ६१ किलो. तट्टू दोनशेच्या फार वर नसावं. चढावर ते थांबायचं, मी टाच मारायची. घोडेवाला म्हणायचा, आळशी आहे ताई. संध्याकाळी त्यानं खोगीर उतरवलं तेव्हा खाली तळहाताएवढी सूज होती, आणि तिच्याखाली जुन्या जखमेची खपली. मी पशुवैद्य, आणि बसायच्या आधी खोगीर उचलून बघायचं मला सुचलं नव्हतं. घोडेवाल्यावर ओरडले खूप. रात्री खोलीत गेल्यावर मात्र तोंडातून आवाज फुटला नाही.

तर आता तीन आठवडे काय. रोज सकाळी खरारा करताना दोन बोटं कण्याच्या बाजूनं, चार अंगुळं अंतर सोडून, पुढून मागे दाबत न्या. लोण्यात बोट रुतेल इतपतच जोर. कुठे ती पाठ खाली टाकते, कातडी थरथरवते, शेपटी झटकते ते लिहून ठेवा. दहा दिवसांनी त्याच जागा शांत झाल्या तर निदान झालं. नाही झाल्या, तर जवळच्या पशुवैद्यकाला दाखवा. मग प्रश्न नुसत्या ओझ्याचा राहत नाही. या दिवसांत तिला हातात धरून चालवा, लांब दोरीवर दोन्ही बाजूंनी गोल फिरवा, बांधाच्या हलक्या चढ-उतारावर चालवा. चढावर चालणं पाठीला फार चांगलं. डांबर शक्यतो टाळा. नालबंदाला सहा-सात आठवड्यांनी बोलवत जा, वाढलेल्या खुरांवर सगळं ओझं वाकडं पडतं. आणि हे विषयाबाहेरचं, पण निफाडकर आहात म्हणून सांगते: औषध फवारलेल्या बागेतलं ओळींमधलं गवत तिला चारू नका.

नाडी मोजायला शिका. डाव्या कोपराच्या मागे छातीला कान लावला की ऐकू येते. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणा. उभ्या घोडीची मिनिटाला २८ ते ४४ च्या दरम्यान असते. हलक्या रपेटीनंतर दहा-पंधरा मिनिटांत ती साठच्या खाली यायला हवी. येत नसेल तर काम जास्त झालं. मग स्वार ५० किलोचा असो की ८० चा.

बहिणीला बसू द्या. ४९ आणि ८, एकूण ५७, म्हणजे १९ टक्के, अगदी काठावर. म्हणून घाई नको. आधी रेवाची पाठ शांत होऊ दे. मग वय पाचच्या पुढे जाईपर्यंत आठवड्यातून दोन-तीनदा वीस मिनिटं, नुसतं चालत. जीन बहिणीच्या मापाची हवी, तुमची नको. आणि चढताना जमिनीवरून रिकिबीला लोंबकळायचं नाही, ओटा किंवा उलटा क्रेट घ्यायचा. जमिनीवरून चढताना सगळं वजन एका बाजूला येतं, जीन फिरते आणि मणक्यावर पीळ पडतो. तुम्ही ८४ किलोचे रोज तसेच चढत होतात ना? तिनं दोन पावलं सरकायचं नाही तर काय करायचं.

तुमचं काय, हे वाचायला तुम्ही इथवर आलात हे मला कळतंय. ५ फूट १० इंच उंचीच्या माणसानं ५२ किलोवर यावं असं मी सांगणार नाही, तो आजार होईल. रेवा तुमची घोडी आहे, तुमची स्वारी नाही. तुमच्या वजनाला आणि जिनीला मिळून ४६० किलोच्या पुढचं जनावर लागतं. म्हणजे भरलेला मोठा मारवाडी किंवा शर्यतीतून उतरलेला थरोब्रेड. त्यातही शर्यतीच्या घोड्याचे पाय तपासल्याशिवाय घेऊ नका. आणि एक सोपं गणित लक्षात ठेवा. तुमचा एक किलो म्हणजे घोड्याचे पाच. दहा किलो उतरवलेत तर पन्नास किलोनं लहान घोडं चालतं, आणि नेमक्या त्याच टप्प्यात चांगले मारवाडी मिळतात. नाशकात घोडेस्वारी शिकवणाऱ्या जागा आहेत. सहा महिने तिथल्या मोठ्या घोड्यांवर शिका. पक्की मांड असलेला ८० किलोचा स्वार पोत्यासारखा आदळणाऱ्या ७० किलोच्या स्वारापेक्षा घोड्याला बरा वाटतो. पण म्हणून ८० चे ५० होत नाहीत, हेही विसरू नका.

रेवाचा सहवास सोडायची गरज नाही. तिला पुढे-मागे हलक्या गाडीला जुंपायला शिकवा, रबरी चाकांच्या. पाठीवर जे पेलत नाही ते सपाट रस्त्यावर चाकांवरून ओढणं तिला कितीतरी सोपं जातं. पंचवटीच्या टांग्यांनी भाविकांना वर्षानुवर्षं नेलं ते याच हिशोबावर. अर्थात तेही पाच वर्षांनंतर, नीट शिकवून, आणि सहा माणसं कोंबून नाही.

लग्नाचं मी शेवटी ठेवलं, कारण त्याला चर्चा लागत नाही. भाऊ ९७, भाचा १८-२० चा असेल, सजवलेलं खोगीर १० च्या घरात. सव्वाशे किलो. रेवाच्या वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त. त्यातही वरात चालत नाही, थांबते. डीजेपुढे नाच संपेपर्यंत घोडी तासन्‌तास एका जागी उभी. चालताना स्नायू आळीपाळीनं सैल पडतात, उभ्या घोडीला तेवढीही फुरसत नाही. वैशाखातलं ऊन, खाली तापलेलं डांबर, कानाशी फटाके. वर सांगितलेल्या १९६५ च्या त्याच नियमांत लिहिलंय की ३७ अंशांच्या वर तापमान जाणाऱ्या भागात दुपारी बारा ते तीन जनावराला ओझ्याला लावू नये. वैशाखात आपल्याकडे पारा कुठे असतो ते तुम्हाला द्राक्षवेलींवरून कळतं. आणि चार-पाच वर्षांची, पाठ दुखरी असलेली, वरात कधी न पाहिलेली घोडी बिथरली तर पुढे बसलेला सहा वर्षांचा भाचा आहे.

भाडोत्री घोडी आणतो, असं भाऊ म्हणेल. वजनाचा हिशोब त्या घोडीलाही हाच लागू. बहुतेक वरातीच्या घोड्या रेवापेक्षा फार मोठ्या नसतात, आणि एका मोसमात त्यांना किती मुहूर्त असतात ते लॉन्सवाल्यांना विचारा. त्यापेक्षा गावात सकाळी नवरदेव मारुतीच्या पाया पडायला जातो, तेव्हा रेवाला गोंडे-झूल घालून देवळासमोर उभी करा. डीजे यायच्या आधी. भावानं तिला गुळाचा खडा द्यावा, लगाम हातात धरून फोटो काढावा आणि आडगाव नाक्याला उघड्या जीपमधून जावं. जीपला ९७ किलो समजणारही नाहीत. भाचाही पुढे बसेल, आणि रडला तर आईला पटकन उचलता येईल.

राहता राहिले वडील. त्यांच्याशी टक्क्यांवरून वाद घालू नका, हराल. फीत त्यांच्या हातात द्या आणि रेवाचं माप तुम्हीच घ्या म्हणा. सध्या तुम्ही जवळ गेलात तर ती सरकेल. त्यांच्याजवळ उभी राहील.